डिझेलच्या पिंपातील काळी साय

आपल्या जेऊर भागात ऊस व केळी वाढली तसे ट्रॅक्टरही वाढले, आणि उजनीच्या फुगवट्यावरील होड्यांसही यंत्रे बसली. या सर्वांस लागणारे डिझेल कधी नासत नाही, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वास्तविक तेही नासते. मात्र त्यास पाण्याची संगत लागते.

पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने पिंपाच्या तळाशी बसते. तेल व पाणी जेथे एकमेकांस भिडतात तेथे सूक्ष्म जंतू व बुरशी वस्ती करतात. राहावयाचे पाण्यात आणि खावयाचे तेल, असा त्यांचा प्रपंच असतो. त्यांची काळपट, बुळबुळीत साय गाळणीत अडकून यंत्राचा तेलपुरवठा तोडते, व त्यांच्यापासून होणारे आम्ल टाकीचा पत्रा खाते. तेल गढूळ दिसणे, त्यास कुजका वास येणे, किंवा नवी गाळणी थोड्याच दिवसांत तुंबणे, ही याची लक्षणे होत. पुष्कळ वेळा दोष पंपास दिला जातो आणि मिस्त्रीचे बिल व्यर्थ भरावे लागते.

पाणी येते कोठून? पिंप उभे ठेवले की पावसाचे पाणी झाकणावर साचते. दिवसा तापलेले पिंप रात्री निवते, आतील हवा आकसते, आणि बुचाच्या फटीतून ते पाणी आत ओढले जाते. झाकण घट्ट दिसले तरी हे घडते. अर्ध्या भरलेल्या टाकीत तर रिकाम्या जागेतील दमट हवेचेच दव धरते. वनस्पतितेलापासून केलेले जैविक डिझेल मिसळलेले असेल, तर ते पाणी अधिक धरते व जंतूंसही अधिक रुचते.

म्हणून पिंप छपराखाली, जमिनीपासून उंच अशा लाकडांवर आडवे ठेवावे, आणि दोन्ही बुचे एका आडव्या रेषेत, तेलाच्या पातळीखाली येतील असे करावे. जस्ताचा मुलामा दिलेले भांडे डिझेलास वापरू नये. ट्रॅक्टरची टाकी सायंकाळी काम संपताच भरावी, सकाळी नव्हे. गाळणीखालील पाण्याची वाटी नियमाने सोडावी. काचेच्या बाटलीत घेतले असता खालचे पाणी स्पष्ट दिसते. पावसाळ्यात ट्रॅक्टर उभा राहतो, त्या दिवसांपुरता साठा अल्पच असावा. स्वस्त मिळाले म्हणून वर्षाचे तेल भरून ठेवण्यात आम्हांस तरी शहाणपण दिसत नाही.

होडीवाल्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. शेतात यंत्र बंद पडले तर एक दिवस जातो. पाण्यात बंद पडले तर होडी वाऱ्याच्या स्वाधीन होते. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळात उलटून सहा जीव गेले. तेथे कारण वारा होता, इंधन नव्हे. परंतु त्या पाण्यावर वारा काय करतो हे सर्वांनी पाहिले. हेलकाव्यांनी तळचा गाळ ढवळून नेमका अशाच वेळी नळीत चढतो.

साय एकदा धरलीच तर जंतुनाशक औषध मिळते. पण मेलेली सायही गाळणी तुंबवितेच. प्रथम टाकी उपसून, पुसून कोरडी करावी, मग औषध वेष्टनावरील प्रमाणातच घालावे, व सोबत दोन जादा गाळण्या ठेवाव्यात. उपसलेली घाण मात्र विहिरीजवळ किंवा जलाशयात ओतू नये; झाकणाच्या डब्यात भरून जुने तेल नेणाऱ्याच्या स्वाधीन करावी.