अल्टरनेटरचा पाटकरी

डिझेल इंजिनाला पेटायला ठिणगी लागत नाही. हवा जोराने दाबली की ती तापते. तीत डिझेलची फवार पडली की भडका होतो. म्हणून साध्या पंपाचे ट्रॅक्टर इंजिन एकदा सुरू झाले, की बॅटरी मेली तरी चालूच राहते.

इथेच माणूस फसतो. दिवसभर नांगरट होते. विजेची बाजू बिघडलीय हे कळतच नाही. पहाटे किल्ली फिरवावी, तर स्टार्टर नुसता 'टक्' करतो! नाहीतर रात्री उसाची ट्रॉली रस्त्यावर असताना दिवे मिणमिणतात. मागून येणाऱ्याला ट्रॉली दिसत नाही. मग जिवाशीच गाठ.

वीज कशी तयार होते?

इंजिनाच्या पट्ट्यावर अल्टरनेटर फिरतो. त्याच्या पोटात तारेचे एक वेटोळे असते. त्याला 'फील्ड' म्हणतात. फील्डला थोडी वीज दिली की ते लोहचुंबक बनते. हे चुंबक फिरले की भोवतीच्या तारांत पुष्कळ वीज तयार होते. हालत्या चुंबकाने वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवले.

इंजिन पळाले की वीज वाढते, मंदावले की कमी होते. पण बॅटरीला ठरावीक दाब हवा. हा दाब व्होल्टमध्ये मोजतात. १२ व्होल्टच्या बॅटरीला भरताना सुमारे १४ व्होल्ट लागतात. १३ च्या खाली ती भरत नाही. १५ च्या वर गेले तर आतले पाणी उकळल्यासारखे होते आणि बॅटरी मरते.

पाटाला पाणी जास्त आले की पाटकरी दार खाली करतो, कमी झाले की वर उचलतो. रेग्युलेटर तेच करतो. दाब वाढला की फील्डची वीज कमी करतो, घटला की वाढवतो. फील्डला तीन-चार अँपिअरच वीज लागते, पण तेवढ्यावर सगळा कारभार चालतो.

बाहेरचा रेग्युलेटर जोडणे

अल्टरनेटरच्या आतला रेग्युलेटर जळाला, तर मिस्त्रीकडून तो काढून बाहेर दुसरा बसवता येतो. पण आधी एक गोष्ट विचारून घ्या. काही अल्टरनेटरांत फील्डचे एक टोक अर्थला म्हणजे बॉडीला असते, काहींत ते पॉझिटिव्हला असते. दोघांचे रेग्युलेटर वेगळे. चुकीचा लावला तर जळतो. इथे आपण अर्थवाल्याची जोडणी पाहू.

१. इंजिन बंद करा. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा.

२. रेग्युलेटर इंजिनाच्या उष्णतेपासून दूर, घट्ट बसवा.

३. त्याची 'ई' खूण बॉडीला जोडा. तिथला रंग आणि गंज खरवडून काढा.

४. 'एफ' खुणेपासून वायर अल्टरनेटरच्या फील्डला न्या.

५. 'आय-जी' खुणेला किल्लीतून येणारी पॉझिटिव्ह वायर जोडा. मध्ये फ्यूज हवाच. दीड चौरस मिलिमीटरची वायर पुरते.

६. अल्टरनेटरपासून बॅटरीकडे जाणारी जाड वायर आहे तशीच राहू द्या.

७. शेवटी बॅटरीची निगेटिव्ह वायर लावा.

पाचवी पायरी नीट समजून घ्या. ही वायर थेट बॅटरीला का जोडायची नाही? कारण मग इंजिन बंद असतानाही फील्ड वीज खात राहील. किल्ली चालू राहिली तरी तेच होतं. डिझेल इंजिन आपण ओढणी ओढून बंद करतो आणि किल्ली तशीच विसरतो. साडेतीन अँपिअरने दहा तासांत पस्तीस अँपिअर-तास वीज जाते. सत्तर अँपिअर-तासांची बॅटरी रात्रीत अर्धी झाली! म्हणून आधी ओढणी, मग लगेच किल्ली.

तपासणी

बॅटरीच्या दोन खांबांवर मीटर लावा. इंजिन बंद असता भरलेली बॅटरी सुमारे १२.६ दाखवते. मध्यम वेगात १३.८ ते १४.४ दिसावे. दिवे लावूनही पाहा. १५ च्या वर आकडा गेला तर इंजिन लगेच बंद करा आणि 'ई'ची वायर तपासा. तिचा सांधा ढिला असेल, तर रेग्युलेटरला दाब कमीच भासतो आणि तो फील्ड वाढवत सुटतो. किल्लीचा सांधा जळलेला असला तरी असेच घडते. पाटकऱ्याची नजर अधू झाली, मग पाट फुटणारच!

हे कधीही करू नका

इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढू नका. दाब एकदम उसळतो आणि अल्टरनेटरमधले डायोड जळतात. बॅटरी उलटी जोडू नका. ट्रॅक्टरला वेल्डिंग करण्याआधी बॅटरीच्या आणि अल्टरनेटरच्या वायरी काढून ठेवा. भरणाऱ्या बॅटरीतून पेटणारा वायू निघतो. तिच्याजवळ विडी, काडी नको. बॅटरीचे तेजाब अंगावर उडाले तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

प्रश्न

१. बॅटरी मेली तरी डिझेल इंजिन का चालते?

२. रेग्युलेटरला पाटकरी का म्हटले आहे?

३. किल्ली चालू राहिली तर सकाळी काय होईल?

४. तुमच्या ओळखीच्या ट्रॅक्टरवर मीटर लावून दोन्ही आकडे वहीत लिहा.