हलकी, आरामदायी अंतर्वस्त्रे : कापड पारखा, माप घ्या

आषाढातील परतवारी एकादशीला नरसी नामदेवची यात्रा भरते, तेव्हा पाऊसकाळ असतो. धुतलेले जाड कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. दमट निकर किंवा बॉडी अंगावर राहिली की खाज सुटते, पुरळ उठते. म्हणून स्त्रियांच्या अंतर्वस्त्रांत हलक्या सुती मालाला मागणी आहे. हा माल तिरुपूरसारख्या होजिअरीच्या पेठांतून येतो. परंतु साधी बॉडी, समीज आणि निकर आपले कारागीरही शिवू शकतात. त्यासाठी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१) वजन : कापडाचा १० बाय १० सेंटिमीटरचा तुकडा सराफाच्या काट्यावर तोलावा. १.५ ग्रॅम भरला तर कापड चौरस मीटरला १५० ग्रॅमचे झाले. १४० ते १६० ग्रॅमचे होजिअरी कापड हलके समजावे. ते घाम टिपते व लवकर वाळते. निव्वळ नायलॉन गुळगुळीत दिसते, पण घाम शोषत नाही. निकरच्या आतील पट्टी तरी सुतीच असावी.

२) आटणे : कापडावर ५० सेंटिमीटरची खूण करून ते धुवावे, वाळवावे. ४७ भरले तर ६ टक्के आटले. असे कापड भिजवून, वाळवूनच बेतावे.

३) माप : छातीखालचा घेर ३२ इंच आणि छातीचा घेर ३४ इंच असेल तर फरक २ इंच, माप ३२ बी. फरक १ इंच असल्यास ए, ३ असल्यास सी, ४ असल्यास डी. भार मुख्यतः खालच्या पट्ट्याने पेलावयाचा असतो, खांद्याच्या पट्ट्यांनी नव्हे. पट्ट्याखाली दोन बोटे सहज जावीत. पट्टा सैल असला की गिऱ्हाईक खांद्याच्या पट्ट्या ओढून घट्ट करते आणि खांद्यावर वळ उठतात.

४) इलॅस्टिक : दुपटीने ताणून सोडावे. पूर्ववत न झाल्यास घेऊ नये. शिवण सपाट ठेवावी.

पुरुष दुकानदारापुढे माप सांगण्यास अनेक स्त्रिया संकोचतात आणि अंदाजाने भलतेच माप नेतात. वापरलेला माल परत घेता येत नाही. गिऱ्हाईक मात्र कायमचे तुटते. व्यापारी बंधूंनी या विक्रीसाठी घरातील स्त्रियांना बसवावे, आडोसा व टेप ठेवावी. आरंभी प्रत्येक मापाचा अर्धा डझन माल घेऊन कोणते माप खपते ते वहीत लिहावे. पुढची खरेदी त्यावरूनच करावी.