वाढत जाणारी यादी

काही माहिती संगणकात साठवावयाची असते, परंतु तिच्या नोंदी किती होतील हे आरंभी ठाऊक नसते. बंगळूरच्या मेट्रो रेल्वेचे उदाहरण घ्यावे. २० ऑक्टोबर २०११ रोजी तिचा पहिला टप्पा सुरू झाला, तेव्हा पूर्वेकडील बय्यप्पनहळ्ळीपासून महात्मा गांधी रस्त्यापर्यंत सहाच स्थानके होती. पुढे ती वाढत गेली.

नवशिक्यांसाठी १९६४ साली अमेरिकेत निर्माण झालेल्या बेसिक या भाषेत, लांब रांगेला किती जागा हव्यात हे आधीच सांगावे लागे. जागा कमी मागितल्या तर नवी नोंद बाहेर राही. फार मागितल्या तर त्या रिकाम्या पडत. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या पायथन भाषेत ही अडचण नाही. तेथे प्रथम रिकामी यादी करावयाची आणि 'अपेंड' या आज्ञेने एकेक नाव शेवटी जोडीत जावयाचे.

हे कसे साधते? पायथन गरजेपेक्षा थोडी अधिक जागा राखून ठेवते. ती भरली म्हणजेच मोठी जागा घेतली जाते. प्रत्येक नव्या नोंदीस सर्व जुन्या नोंदी हलवाव्या लागल्या असत्या, तर हजार नोंदींच्या यादीसाठी १ ते ९९९ या संख्यांची बेरीज, म्हणजे ४,९९,५०० हालचाली झाल्या असत्या. राखीव जागेमुळे हे श्रम वाचतात.

येथे नवशिक्याची एक चूक नेहमी घडते. रिकामी यादी करण्याची आज्ञा तो पुनरावृत्तीच्या आत लिहितो. मग प्रत्येक फेरीत यादी कोरी होते व अखेरीस एकच नाव उरते. ती आज्ञा पुनरावृत्तीपूर्वी, एकदाच असावी.

नोव्हेंबर २०१५ मध्ये मागडी रस्ता ते म्हैसूर रस्ता ही पश्चिमेकडील सहा स्थानके सुरू झाली. ती शेवटी जोडली की यादी बारांची होते. परंतु एप्रिल २०१६ मध्ये कब्बन पार्क, विधान सौध, सेंट्रल कॉलेज, मॅजेस्टिक व सिटी रेल्वे ही पाच भुयारी स्थानके मधोमध आली. त्यांना 'इन्सर्ट' ही आज्ञा हवी; तिला नावाबरोबर क्रमांकही सांगावा लागतो. पायथन शून्यापासून मोजते. म्हणून महात्मा गांधी रस्ता पाचवा आणि पहिली रिकामी करावयाची जागा सहावी. मात्र पाचही नावे सहाव्याच जागी घातली, तर प्रत्येक नवे नाव आधीच्यास पुढे ढकलील आणि क्रम उलटा होईल. त्यांना ६, ७, ८, ९ व १० हे क्रमांक द्यावेत. मग मागडी रस्ता आपोआप ११ व्या क्रमांकावर सरकतो, आणि एकूण स्थानके १७ होतात.

अभ्यास : २०२३ साली हा मार्ग पूर्वेस व्हाइटफील्डपर्यंत वाढला. ती नावे यादीच्या कोणत्या टोकास घालावीत? त्यानंतर बय्यप्पनहळ्ळीचा क्रमांक शून्यच राहील काय?