कर्नाळ्याचें इंग्रजी वर्णन

सहलीहून परतल्यावर इंग्रजी निबंधास बहुधा तोच विषय येतो, आणि कर्नाळ्यावरील निबंधाचें पहिलें वाक्य ‘कर्नाळा इज सिच्युएटेड नियर पनवेल’ असें असतें. वाक्य अशुद्ध नाहीं. पण परक्या वाचकास त्यावरून वाट सांपडणार नाहीं. स्थळवर्णनाचे इंग्रजी शब्द सुटे येत नाहींत, ठराविक जोडीनें येतात. ती जोडी मराठीवरून बेतूं गेल्यास फसते.

कर्नाळा पनवेल शहराच्या दक्षिणेस सुमारें १२ किलोमीटरांवर, मुंबई–गोवा महामार्गालगत आहे. येथें ‘टु द साउथ ऑफ पनवेल’ असें लिहावें. ‘इन द साउथ ऑफ पनवेल’ लिहिलें कीं किल्ला शहराच्याच एखाद्या आळींत जाऊन बसतो! मराठींत ‘दक्षिणेस’ आणि ‘दक्षिण भागांत’ असा भेद आपण सहज करितों; इंग्रजींत तो सारा भार ‘टु’ आणि ‘इन’ ह्या इवल्या शब्दांवर पडतो.

‘इज सिच्युएटेड’चा तर आमच्या मुलांस फारच लळा. त्याऐवजीं किल्ला ‘स्टँड्स’, खोऱ्यांतील गांव ‘लाइज’, रस्ता ‘रन्स’ असें लिहून पाहावें. मराठींतहि किल्ला उभा असतो, गांव वसतें, रस्ता जातो. मात्र ‘उभा’ शब्द फसवा आहे. उभा चढ म्हणजे ‘स्टीप क्लाइंब’, उभा कडा म्हणजे ‘शीअर क्लिफ’. तेथें ‘स्टँडिंग’ चालावयाचें नाहीं. जंगल आणि धुकें दोन्ही ‘थिक’, पण पाऊस ‘हेवी’.

कोंकणच्या बंदरांतून बोरघाटाकडे जाणाऱ्या वाटेवर ह्या किल्ल्याची नजर असे. १६७० मध्यें शिवाजी महाराजांनीं तो मोगलांकडून घेतला. १८१८ मध्यें तो इंग्रजांच्या हातीं गेला. ‘द फोर्ट ओव्हरलुक्स द रोड’ म्हणजे किल्ल्यावरून वाट दिसते. ‘कमांड्स द रोड’ म्हणजे ती वाट किल्ल्याच्या मुठींत आहे. पहिलें वाक्य आजहि खरें, दुसरें भूतकाळांत लिहावें.

डोंगराचे अवयव मात्र मौजेचे आहेत. आपण सुळक्यास अंगठ्याची उपमा देतों. इंग्रजांनीं ह्या डोंगरास ‘फनेल हिल’ असें नांव दिलें. फनेल म्हणजे नरसाळें, आणि आगबोटीचें धुराडेंहि. आपली डोंगराची सोंड इंग्रजींत ‘स्पर’ होते. हत्ती जाऊन घोडेस्वाराच्या टांचेची आर येते. सोंडेस ‘ट्रंक’ म्हटलें तर वाचकास झाडाचा बुंधा नाहीं तर पत्र्याची पेटी आठवेल.

पायथा दोन्ही भाषांत पायावरूनच आला आहे, म्हणून ‘अ‍ॅट द फूट ऑफ’ मुलांस लौकर येतें. पण कोणाच्या पायथ्याशीं, हें लिहावयास तीं विसरतात. कर्नाळ्याचीं खडकांत खोदलेलीं पाण्याचीं टाकीं ‘अ‍ॅट द फूट ऑफ द पिनॅकल’, म्हणजे वर, सुळक्याच्या बुडाशीं आहेत. तेथें ‘अ‍ॅट द फूट ऑफ द हिल’ असें लिहिलें, तर वाचक खालीं महामार्गाकांठीं टाकीं शोधीत फिरेल, आणि टाकीं अख्खा चढ चढून गेल्यावरच दिसावयाचीं.