आधी कान, मग परीक्षा

जानेवारीत रत्नागिरीच्या थिबा राजवाड्याच्या आवारात आर्ट सर्कलचा संगीत महोत्सव भरतो. शास्त्रीय गाणं पहिल्यांदाच ऐकायला आलेले बरेच जण तिथे येतात. बडा ख्याल सुरू झाला की त्यांची चुळबुळ वाढते, हात मोबाइलकडे जातो आणि द्रुत बंदिशीची चाहूल लागण्याआधीच ते उठतात. वाईट वाटतं ते एवढ्याचसाठी, की अजून थोडा वेळ थांबले असते तर पुढचं गाणं त्यांनाही धरून ठेवणारं होतं.

रत्नागिरीतल्या एका नोकरदार गृहस्थांनी वेगळी वाट धरली. चाळिशीनंतर हौसेने क्लास लावला, नवी कोरी पेटी घेतली, सुरुवातीच्या परीक्षाही दिल्या. भूप म्हणजे म आणि नी वर्ज्य, वादी गंधार, संवादी धैवत, हे सगळं तोंडपाठ होतं. पण एका मैफलीत गायकाने नाव न सांगता भूप सुरू केला, तेव्हा तो काही त्यांना ओळखता आला नाही. आज कुणी नवखा भेटला की ते कळकळीने सांगतात: वही नंतर उघड, आधी भरपूर ऐक.

परीक्षा वाईट नव्हेत. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि संगीताचं शिक्षण सर्वसामान्यांसाठी खुलं केलं, ते मोठंच काम. पण परीक्षेमुळे गळ्याला आणि अभ्यासाला शिस्त लागते. कान तयार करायला ऐकण्यावाचून इलाज नाही.

सुदैवाने कोकणातल्या माणसाचा कान कोरा नसतो. भजनं आणि नाट्यपदं त्यावरून लहानपणापासून गेलेली असतात. खल्वायनसारखी संस्था शहरात संगीत नाटक आजही जागतं ठेवते. तेव्हा सुरुवात ‘स्वयंवर’पासून करावी. 1916 साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकाच्या पदांना भास्करबुवा बखल्यांनी ख्यालगायकीतल्या रागांचा भरभक्कम आधार दिला. ‘नाथ हा माझा’ यमनात, ‘मम आत्मा गमला’ बिहागात आणि ‘सुजन कसा मन चोरी’ भूपात आहे. म्हणजे एकाच नाटकात तीन मोठे राग ओळखीचे होतात. ‘सुजन कसा’ मनात घोळत असतानाच किशोरीताई आमोणकरांचा भूप लावावा, ‘सहेला रे’. दोन्हींतला गंधार सारखाच खुणावतो, हे दोन-चारदा ऐकल्यावर आपोआप लक्षात येतं. मग देसकार ऐकावा. स्वर तेच पाच, पण तिथे धैवताचं राज्य, आणि वेळ संध्याकाळऐवजी सकाळची. चेहरामोहरा केवढा बदलतो! एका रागावर महिनाभर रेंगाळलं तरी चालेल. रोज नवा राग धरला तर एकही मनात मुरत नाही.

विलंबित लयीची धास्ती घेऊ नये. बडा ख्याल बऱ्याचदा एकतालात असतो. मात्रा बाराच, पण एक आवर्तन पुरं व्हायला पाऊण-एक मिनिट सहज लागतं, म्हणून नवख्याला वाटतं की काही घडतच नाही. त्याने फक्त सम शोधावी. तबल्यावर आवर्तनाच्या शेवटी ‘धागे तिरकिट धी ना’ येतं, त्याच सुमारास गायक बंदिशीचा मुखडा उचलतो आणि पुढच्या ‘धिं’वर दोघं एकदम येऊन मिळतात; तीच सम. चार-पाच आवर्तनं बोटांवर मोजली की पुढचा मुखडा कधी येणार याची उत्सुकता लागते, आणि मधली आलापी हा त्या समेकडे जाणारा रस्ता वाटू लागतो.

वाद्य घेण्याची घाई नको. इथल्या पावसाळी दमट हवेत तबल्याची पुडी सैल पडते, पेटीही बिघडते. सुरुवातीला मोबाइलवरचा तानपुरा पुरतो. गुरू निवडताना फीपेक्षा त्यांच्या जुन्या शिष्यांचं गाणं ऐकावं. ती मुलं सुरात आहेत का, एवढं तर नवख्यालाही कळतं. आणि मध्यंतरात शेजारच्या जाणत्याला रागाचं नाव विचारायला मुळीच लाजू नये. बहुतेकदा नावाबरोबर एखादी ओळखीची चीजही गुणगुणून मिळते.