त्र्यंबकेश्वर ते भीमाशंकर : हवाई अंतर व रस्त्याचे अंतर

बारा ज्योतिर्लिंगांपैकी त्र्यंबकेश्वर व भीमाशंकर ही दोन्ही क्षेत्रे सह्याद्रीच्या डोंगराळ मुलुखात वसलेली आहेत. पहिले नाशिक जिल्ह्यात, दुसरे पुणे जिल्ह्यात. नकाशावर ती जवळजवळ एकाच रेखावृत्तावर, एकाखाली एक दिसतात. त्यामुळे सकाळी कुशावर्तावर स्नान करून, दर्शन आटोपून, दिवेलागणीपूर्वी भीमाशंकर गाठण्याचा बेत अनेक कुटुंबे आखतात. हा बेत बहुधा नकाशावरील अंतरावर बेतलेला असतो.

हे हवाई अंतर कोणासही काढता येईल. त्र्यंबकेश्वराचा अक्षांश सुमारे १९.९३, तर भीमाशंकराचा १९.०७ आहे. फरक ०.८६ अंशाचा. एका अक्षांशाचे अंतर सुमारे १११ कि.मी. धरल्यास उत्तर येते ९५ कि.मी. मोटारीने मात्र नाशिकपर्यंत २८, तेथून मंचरपर्यंत सुमारे १५० आणि पुढे भीमाशंकरापर्यंत साधारण ६५, असे एकूण २४० कि.मी.च्या आसपास अंतर पडते. म्हणजे अडीचपट!

याचे कारण सह्याद्रीच्या रचनेत आहे. दोन क्षेत्रांना जोडणारी सरळ रेषा इगतपुरीच्या परिसरातून घाट उतरून ठाणे जिल्ह्याच्या कोकणपट्टीत जाते आणि भीमाशंकराजवळ पुन्हा कड्यावर चढते. तेथून रस्ता निघणे दुरापास्त. माथ्यावरून जावे, तर मुख्य रांगेपासून पूर्वेकडे फुटलेले कळसूबाई व हरिश्चंद्रगडाकडील डोंगर आडवे येतात. नाशिक–पुणे हा राष्ट्रीय महामार्ग क्र. ६० म्हणूनच सिन्नर, संगमनेर असा पूर्वेकडे वळसा घेतो. त्या बाजूस हे डोंगर उतरते होत जातात. एकट्या संगमनेरपाशी हा मार्ग नाशिक–पुणे सरळ रेषेपासून सुमारे ४० कि.मी. दूर असतो. नाशिक व पुणे या शहरांतील हवाई अंतर सुमारे १६५ कि.मी., तर रस्त्याचे २१० कि.मी. आहे. तेथे फरक पुष्कळच कमी, कारण दोन्ही शहरे पठारावर आहेत.

पायी जाणाऱ्याचा हिशेब निराळा. कर्जत तालुक्यातील खांडस गावातून गणेश घाटाने वा शिडी घाटाने काही तासांत भीमाशंकर गाठता येते. त्याच खांडसहून वाहनाने निघालेल्यास मात्र घाट चढून पुणे जिल्ह्यातून मोठा फेरा घ्यावा लागतो. शिडी घाट वृद्धांसाठी व लहान मुलांसाठी मुळीच योग्य नाही, आणि पावसाळ्यात तर कोणीच त्या वाटेस जाऊ नये.

मंचरनंतर घोडेगाव व डिंभे धरण मागे टाकले की वळणांचा रस्ता लागतो. पावसाळ्यात येथे दाट धुके असते. हा टप्पा अंधारात पार करण्याचा प्रसंग येऊ देऊ नये. त्र्यंबकेश्वराहून निघाल्यावर विश्रांतीसह सहा-सात तास सहज लागतात, आणि वाहनतळावर पोहोचल्यावरही मंदिराकडे पुष्कळ पायऱ्या उतराव्या लागतात. परतताना त्याच चढावयाच्या असतात. सोबत ज्येष्ठ मंडळी असल्यास नारायणगाव किंवा मंचर येथे मुक्काम करावा. नारायणगावाजवळ ओझरचा विघ्नहर आहे, त्याचे दर्शन वाटेतच घडते. दुसऱ्या दिवशी पहाटे निघाल्यास घाटाचा रस्ता उजेडात पार पडतो.