गच्चीवरचा पालक

सांगली-साताऱ्याहून निघालेली पालेभाजी रात्रभर प्रवास करून मुंबईला पोहोचते. तोडलेले पानही श्वसन करीतच असते. वाटेत त्यातली साखर खर्च होते, पाणी उडते. मग शहरातल्या गच्चीवरच पालक का लावू नये? अडचण आहे वजनाची. एक घनमीटर ओली माती दीड टनाहून जड भरते! तासगावच्या द्राक्षबागायतदारांबरोबर प्रयोग करणारे गणिताचे अध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी यावर तोड सुचवली: माती थोडी, कुजलेला पालापाचोळा भरपूर. हे मिश्रण हलके, शिवाय पाणी धरणारे. उसाचे चिपाडही चालते, पण कच्चे नको. ते कुजवणारे जीवाणू नत्र आधी स्वतःच घेतात आणि रोप पिवळे पडते. पडताळून पाहायचे आहे? एका कुंडीत कच्चे, दुसरीत कुजलेले चिपाड सारख्याच मातीत मिसळा, पालक पेरा आणि महिनाभर पानांचा रंग टिपून ठेवा.